अठ्ठावन्नावी सूचना

१

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की राजानंद खरातचा दिवस ठरलेला असायचा. त्याची बायको दीपमाला सरकारी दवाखान्यात नर्स. ती साडेसातला ड्युटीवर गेली की हा चहाचा दुसरा कप घेऊन पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचा, खिडकीतला कूलर चालू करायचा आणि ती तीनला परत येईपर्यंत उठायचा नाही. जालन्याच्या मस्तगडात भाड्याचं घर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली गल्ली. दुपारी बारानंतर त्या गल्लीत कुत्रंही फिरकत नसे.

बावीस वर्षं तो तंत्रनिकेतनात पोरांना मायक्रोकंट्रोलर शिकवत होता. नखाएवढी चिप, तिच्यात एकच कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, भरलेला, आणि ती जन्मभर तोच चालवणार. मिक्सरमध्ये, वजनकाट्यात, रिक्षाच्या मीटरमध्ये. अशा चिपमधून काढलेले आकडे माणसाला वाचता येतील अशा सूचनांमध्ये उलगडून दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. जगभरातले हौशी लोक मिळून ते सांभाळत. त्या सॉफ्टवेअरला ज्या चिपची भाषा येत नाही ती कुणीतरी बसून शिकवावी लागते. या आकड्याचा अर्थ हा, याच्यामागचे इतके आकडे सोबत वाच, इथून उडी मारून तिथं जा. राजानंदनं आजवर अशा तीन चिपा त्याला शिकवल्या होत्या. ही चौथी.

पहिल्या तीन त्यानं हौसेनं शिकवल्या होत्या. ही चौथी ज्या डब्यातून निघाली होती त्या डब्यानं त्याचा धाकटा भाऊ मारला होता.

२

शेतातली लाईन कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून विहिरीवरच्या मोटरीला एक डबा लावतात. लाईन आली की मोटर आपोआप चालू. गावात त्याला नुसतं ‘ऑटो’ म्हणतात. वडीगोद्रीहून चार किलोमीटर आत, खरातांच्या दोन एकराला योजनेतून विहीर मिळाली, तेव्हा राजानंदनंच दिवाळीला जालन्याहून हा डबा नेऊन दिला होता. वर कंपनीचं नाव नव्हतं. दुकानदार म्हणाला होता, “बिलकुल बेफिकीर राहा सर.”

माघातल्या एका सकाळी मोटर पाणी ओढेना. जाळीला प्लास्टिक अडकलं असणार, म्हणून हा धाकटा, मिथुन, विहिरीत उतरला. उतरताना बायकोला म्हणाला, “ऑटो बंद कर.” बेबीनंदानं डब्याचं बटण खाली केलं. दहा मिनिटांनी मोटर गुरगुरली. वायर पाण्यात कुठंतरी सोललेली होती.

तिच्या ओरडण्यानं शेजारच्या शेतातली माणसं धावली. त्यांनी आधी फ्यूज उपटला, सापडेल ते बटण खाली ओढलं, मग मिथुनला वर काढलं. त्यामुळं डब्याचं बटण आधीपासून खाली होतं की त्यांनी खाली केलं, हे कुणालाच सांगता येईना. तोवर कुणी ते विचारलंही नव्हतं.

विचारलं राजानंदनं. दुपारी तो जालन्याहून पोचला, भावाच्या उशाशी बसला, आणि पाच-पंचवीस माणसांदेखत म्हणाला, “बेबीनंदा, ऑटो नक्की खाली केल्ता ना?”

“केल्ता भाऊजी. म्या सोत्ता केल्ता.”

त्यानं फक्त माहिती म्हणून विचारलं होतं. पण प्रश्न एकदा लोकांत पडला तो पडलाच. तिसऱ्या दिवशी तो प्रश्न राहिला नव्हता, आरोप झाला होता. चांगुणाबाईनं, राजानंदच्या आईनं, सुनेच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. आपला तांब्या आपण भरायचा, आपण प्यायचा. ज्या घराच्या मागच्या पिढ्यांनी दुसऱ्याच्या विहिरीपाशी ओंजळ धरून तासन्‌तास उभं राहून दिवस काढले होते, त्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, एका बाईच्या हाताचं पाणी चालेना. राजानंदला याची लाज वाटली. तो आईला त्यावर काही बोलला मात्र नाही. “चौकशी करतो,” म्हणाला आणि डबा पिशवीत घालून जालन्याला घेऊन आला.

३

चिपवरचं नाव घासून काढलेलं होतं. पायांची मांडणी बघून त्यानं घराणं ओळखलं, आकडे बाहेर काढले आणि सॉफ्टवेअरला दाखवले. सॉफ्टवेअरनं पानभर प्रश्नचिन्हं छापली.

याच घराण्यातल्या एका थोरल्या चिपचं चिनी माहितीपत्रक त्याला मिळालं. त्यात सूचनांचा तक्ता होता, एकूण सत्तावन्न. रोज पाच-सहा सूचना शिकवायच्या, पुन्हा उलगडून बघायचं, चुकलं की दुरुस्त करायचं. प्रश्नचिन्हं कमी होत गेली. काळोख्या खोलीतली भांडी हळूहळू दिसायला लागावीत तसा कार्यक्रम दिसू लागला. इथं लाईन आली का ते बघतोय. इथं तिन्ही फेज बराबर आहेत का बघतोय. इथं बटण बघतोय. बटण वर असेल तर थोडं थांबून मोटर चालू. खाली असेल तर एका छोट्या घेऱ्यात गोल गोल फिरत राहायचं.

त्या घेऱ्यातच एक आकडा होता जो तक्त्यात नव्हता.

सॉफ्टवेअरला कुठलीही सूचना शिकवताना ती किती आकड्यांची हे सांगावं लागतं. राजानंदनं एक सांगून बघितला; पुढचं सगळं बरळल्यासारखं झालं. दोन सांगून बघितले, तेच. तीन सांगितल्यावर पुढचा कार्यक्रम स्वच्छ वाचता आला. म्हणजे सूचना तीन आकड्यांची होती, आणि मागचे दोन आकडे मिळून एक पत्ता होत होता. त्या पत्त्यावर त्या चिपमध्ये घरच नव्हतं.

त्यानं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींना लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: अशा छापायच्या राहिलेल्या सूचना असतात, बहुतेक काहीच करत नाहीत, तसं नोंदवून टाका.

पण ही करत होती. घेऱ्याच्या प्रत्येक फेरीत चिप ही सूचना चालवायची आणि लगेच खालच्या ओळीत उत्तर तपासायची. उत्तर ‘नाही’ आलं तर पुढची फेरी. ‘हो’ आलं तर थेट मोटर. बटण खाली असताना. सेकंदाला हजारो वेळा ती कुणाला तरी काहीतरी विचारत होती.

म्हणजे बेबीनंदानं बटण खाली केलं असलं तरी मोटर चालू होऊ शकत होती.

राजानंद खुर्चीत मागं टेकून बसला. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं. पण मनात पहिलं आलं ते बेबीनंदाचं नाव नव्हतं. पहिलं आलं ते असं की, हा डबा मी आणला.

४

त्यानं डब्यातलं सर्किट टेबलावर मांडलं, बारा व्होल्टचा अडॅप्टर जोडला. मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेला मोटरीच्या जागी एक छोटा लाल दिवा लावला. बटण खाली. हिरवा दिवा मिणमिणू लागला, म्हणजे चिप जागी होती, घेऱ्यात फिरत होती. लाल दिवा बंद. दोन दिवस त्यानं त्या सर्किटला हरतऱ्हेनं छळलं. व्होल्टेज कमी केलं, जास्त केलं, ड्रायरनं तापवलं, जवळ मोबाईल वाजवला. लाल दिवा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कूलरचा पंप अडकला. ऊन असं होतं की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. वैतागून त्यानं कूलरची एक बाजू काढली, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून पंपाला अडकलेलं गवत चाचपू लागला.

पाठीमागं टेबलावर आवाज झाला. टक्.

त्यानं मान वळवली. लाल दिवा लागला होता.

तो झटकन उठला. हात पाण्याबाहेर आला, तसा पुन्हा टक्, आणि दिवा विझला.

राजानंद ओल्या हातानं खोलीच्या मधोमध उभा राहिला. कोपरावरून थेंब फरशीवर पडत होते. कूलर आणि टेबल यांत आठ फुटांचं अंतर होतं, मधे वायर नव्हती. कूलरच्या मोटरीचा धक्का असेल, त्यानं स्वतःला समजावलं. अर्थिंग खराब असेल. त्यानं कूलरची पिन काढली. खोली एकदम गप्प झाली. मग तो वाकला आणि एक बोट पाण्यात बुडवलं.

टक्.

५

रविवारी दीपमाला घरी होती. त्यानं तिला काही न सांगता हाक मारली. “जरा त्या बादलीत हात घाल.”

“कशाला?”

“घाल तर.”

तिनं हात घातला. टक्. काढला. टक्.

“काय करून राह्यलात तुम्ही?” दीपमाला पदराला हात पुसत म्हणाली. “चार दिवसांपासून नुसती टकटक. मिथुनचं काही निघालं का त्यातून?”

“निघंल,” तो म्हणाला.

काठी घातली, काही नाही. ओला टॉवेल, काही नाही. भिंतीवरची पाल झाडूनं बादलीत पाडली. पाल पोहत राहिली, दिवा लागला नाही. माणसाचा हात गेला की लागायचा. तो ते वहीत लिहायचा आणि शेजारी कारणं लिहायचा. अंगातली वीज, हवेतला ओलावा, खोलीचा आकार. बावीस वर्षं शिकवलेलं सगळं त्यानं त्या रकान्यात ओतलं. एकही कारण दोन दिवस टिकलं नाही.

मग दिवा त्यानं काही न करताही लागू लागला. सकाळी साडेनऊला टक्, दहा मिनिटांनी टक्. खालच्या मजल्यावर घरमालकांची सून बाळाला न्हाऊ घालत होती. भिंतीला कान लावल्यावर त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या धुण्याला लागला.

जालन्यात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्या मंगळवारी अकराला गल्लीत आरोळी उठली, “नळ आले, नळ आले!” आणि टेबलावरचा रिले शिवणयंत्रासारखा तडतडायला लागला. लाल दिवा थरथरत होता. पिंपात बुडणारा प्रत्येक हात, हंड्यात गेलेली बोटं, हौदात उतरलेली पोरं, सगळा मस्तगड त्या नखाएवढ्या चिपला कळत होता. राजानंद दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. पाऊण तासानं नळ गेले. तडतड विरळ होत थांबली.

अडीच वाजता एकच टक् आला. त्यानं खिडकीतून बघितलं. गल्लीत दारं लागलेली, सगळे जेवून आडवे झालेले. कुठलं पाणी, कुणाचा हात, काही कळेना. दिवा बराच वेळ तसाच राहिला आणि मग विझला. असे एकेकटे, दुरून आल्यासारखे टक् त्यानंतर रोज येऊ लागले. राजानंदनं ते वहीत लिहायचं सोडलं. आंघोळीला जाताना मात्र तो आधी अडॅप्टर काढायचा.

ते सगळं उचलून नाल्यात फेकावं असं त्याला रोज वाटायचं. पण आता त्याच्याकडं एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. बेबीनंदा खरं बोलली होती, हे तो डोळ्यांदेखत दाखवू शकत होता. गुरुवारी त्यानं तिला फोन केला. “उद्या येऊन जा. तुला एक दाखवायचंय. आईला आत्ता सांगू नको.”

६

शुक्रवारी साडेअकराला ती आली. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. “जय भीम भाऊजी,” म्हणाली आणि खुर्ची असताना दारापाशी फरशीवर बसली. चार महिन्यांत तिची मनगटं अर्धी झाली होती. त्यानं माठातलं पाणी दिलं. ग्लास हातात धरून ती जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिली, मग प्यायली.

“ताई?”

“ड्युटीवर. बेबीनंदा, नीट ऐक.” त्यानं जमेल तसं सोपं करून सांगितलं. डब्यात एक चिप असते. तिच्यात काय लिहिलंय ते मी वाचलं. बटण खाली असतानाही ती पाण्यात माणूस आहे का ते बघते. असला की मोटर चालू करते.

ती त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर समजली. “म्हंजी मी बंद केल्ता, अन् त्यानं ऐकलंच न्हाई.”

“हां.”

तिच्या तोंडातून हसल्यासारखा एक आवाज निघाला, मग तिनं पदर तोंडात कोंबला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. राजानंदनं खिडकीबाहेर बघितलं. शेवटी तिनं डोळे पुसले.

“दाखवा.”

त्यानं बादली तिच्यापुढं ठेवली. “हात घाल. त्या लाल दिव्याकडं बघ.”

तिनं बाह्या सावरल्या, सावकाश हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. दोघं टेबलाकडं बघत राहिले.

काही झालं नाही.

“दुसरा हात घाल.” तिनं घातला. काही नाही. त्यानं शेजारी स्वतःचा हात घातला. हिरवा दिवा मिणमिणत होता, चिप जागी होती. लाल दिवा बंद. त्यानं अडॅप्टर बघितला, वायरी दाबल्या, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

“थांब. होतंय. रोज होतंय.”

“मी बसते की. मला काय जल्दी न्हाई.”

तासभर गेला. त्या तासात गल्लीतूनही एक टक् आला नाही. खाली कुणीतरी भांडी विसळत होतं, बादलीत बादली ओतल्याचा आवाज स्पष्ट येत होता, आणि टेबलावर सगळं गार. बेबीनंदाचे हात अजून पाण्यातच होते. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

“राहू द्या भाऊजी. तुमी वाचलं ना? मंग कागदावर लिहून द्या. आत्याबाईला कुणीबी वाचून दाखवंल.”

राजानंदनं खरंच कागद ओढला, पेन घेतलं. काय लिहायचं? सत्तावन्न सूचना बरोबर आहेत आणि अठ्ठावन्नाव्या सूचनेचा अर्थ मला माहीत नाही? इतके दिवस आपण काय ऐकत होतो? उन्हाचे दिवस, बंद खोली, भाऊ गेलेला. माणसाला काहीही ऐकू येऊ शकतं. आणि ती सूचना जर काहीच करत नसेल, ते लोक म्हणाले तसं, तर मग उरतं काय? उरतं बटण.

पुढचं वाक्य त्यानं ठरवून उच्चारलं नाही. ते आपोआप आलं, पहिल्या वेळी आलं होतं तसंच, त्याच सुरात.

“पण बेबीनंदा, तू ऑटो नक्की खाली केल्ता ना?”

मग तिनं एकेक करून दोन्ही हात बाहेर काढले, पदराला पुसले, बोटं न् बोटं पुसली.

“येते भाऊजी,” म्हणाली.

“अगं, जेवून जा. तसं नाही म्हणत मी…”

ती जिन्यावरून खाली गेली होती.

७

ती गेल्यावरही काही वाजलं नाही. तीनला दीपमाला आली, जेवली, आतल्या खोलीत झोपली. राजानंद टेबलाशी बसून होता. चार वाजून दहा मिनिटांनी आवाज झाला.

टक्.

लाल दिवा लागला, थरथर नाही की काही नाही. तो उठून खिडकीशी गेला. गल्ली रिकामी. परत येऊन बसला. विझेल आता, तो म्हणाला. विझला नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यानं भिंतीतून अडॅप्टर उपटला. हिरवा दिवा विझला.

लाल तसाच राहिला.

अडॅप्टरची वायर त्याच्या हातात लोंबत होती. टेबलावरच्या त्या सर्किटला आता कुठूनच वीज मिळत नव्हती. त्यानं बेबीनंदाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग आईला लावला.

“आई, बेबीनंदा आली का?”

“आली मघाशी. कुठं गेल्ती म्हणलं तर बोलंना. घागर घेऊन विहिरीवर गेलीया. म्या म्हणलं, तुझ्या हातचं मी न्हाई प्यायची, तरी गेली.”

“दारातून विहीर दिसते ना? बघ बरं.”

चांगुणाबाई उठल्याचं, दार कुरकुरल्याचं ऐकू आलं. “घागर दिसून राह्यली काठावर.”

“आणि ती?”

“ती न्हाई दिसत. पायऱ्या उतरली आसंल.”

तेवढ्यात त्याला फोनमधून, आईच्या श्वासामागून, एक आवाज आला. जड, पाण्याखालून येणारी गुरगुर. शेतात वाढलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखू येतो.

“आई! मोटर चालू आहे. जाऊन बंद कर. पळ.”

“कशाची मोटर? मिथुनच्या दिवसापासून फ्यूज माझ्या कनवटीला हाय.”

“मंग हा आवाज कसला?”

“कसला आवाज? न्हाई बाबा. इथं तर समदं गप हाय.”

“आई, कुणाला तरी हाक मार. शेजारच्या अंगदला हाक मार. विहिरीवर जा म्हण.”

“का रं? काय झालं?”

टेबलावर टक् झालं. लाल दिवा विझला. फोनमधली गुरगुरही थांबली.

राजानंदनं श्वास सोडला. आली बाहेर, त्यानं मनाशी म्हटलं. पाण्यातून हात बाहेर आला की रिले सुटतो, हे त्यानं दोनशे वेळा बघितलं होतं. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की चिप एवढंच विचारते, पाण्यात माणूस आहे का. त्याचं उत्तर ‘नाही’ यायला माणसाला बाहेरच यावं लागतं असं नाही.

८

मोटरसायकलनं तो साडेपाचच्या आत पोचला. बेबीनंदाला वर काढून कडुनिंबाखाली ठेवलं होतं, अंगावर कुणाची तरी चादर. तिचा एक हात बाहेर राहिला होता. बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली. ती दुपारचीच होती की आत्ताची, कोण सांगणार.

बायका चांगुणाबाईला धरून बसल्या होत्या. ती रडत नव्हती. एकसुरात सांगत होती, “मनाला खात व्हतं तिच्या. चार म्हैने खाल्लं. केलेलं कुठं जातंय? गेली एकदाची त्याच्यामागं.” आणि बायका माना हलवत होत्या. घसरून पडली असेल, पाय मुरगळला असेल, असं कुणीच म्हणालं नाही.

अंबडहून हवालदार आला होता. त्यानं राजानंदला बाजूला घेतलं. “सर, आज ही तुमच्याकडं आल्ती म्हणतात. काय बोलणं झालं? भांडण-बिंडण?”

माणसं जवळ सरकली. आईनंही मान वर केली.

आत्ता सांगता आलं असतं. ती खरं बोलली होती, तिनं बटण खाली केलं होतं, एवढं तरी म्हणता आलं असतं. चिप, पाणी, दिवा, यातलं एक अक्षर न काढताही म्हणता आलं असतं. राजानंदनं चेहऱ्यांकडं बघितलं. डबा कुणी आणला होता, हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“भांडण नाही,” तो म्हणाला. “मी फक्त विचारलं, ऑटो नक्की खाली केल्ता का.”

“मंग? काय म्हणाली?”

“त्यावर काही बोलली नाही. उठून आली.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. गर्दीतून एक सुस्कारा गेला. हवालदारानं वहीत लिहून घेतलं. चांगुणाबाईनं मान खाली घातली आणि शेजारणीनं पुढं केलेला तांब्या घेऊन ती घटाघटा पाणी प्यायली.

राजानंद तिथून निघाला आणि बांधाच्या कडेनं चालत राहिला. माघापासून शेत पडीक होतं, जमिनीला हाताएवढ्या भेगा गेल्या होत्या. मोटरीचा पाईप जिथं संपतो तिथं येऊन तो थांबला. पाईपाच्या तोंडाखालची माती काळी दिसत होती. तो वाकला, बोट लावलं. चिखल होता. गार. तोंडातून एक थेंब लोंबत होता, तो त्याच्या देखत पडला.

“सर,” मागून हवालदारानं हाक मारली, “सहीला या.”

“आलो.”

राजानंदनं एकदा मागं वळून बघितलं. इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मग चपलेनं आजूबाजूची कोरडी माती ओढून त्यानं ती ओल झाकली, वरून दोन वेळा पाय दाबला, आणि सहीला गेला.